सारथ्य आणि सौजन्य

महाभारताच्या कर्णपर्वांत शल्याच्या सारथ्याची कथा आली आहे. कर्णाला श्रीकृष्णाच्या तोडीचा सारथि हवा होता, आणि अश्वविद्येंत मद्रराज शल्य तसा होताच. परंतु मनास येईल तें बोलण्याची मोकळीक असावी, या अटीवरच त्यानें लगाम हातीं घेतला. कर्णाचा तेजोभंग करण्याचें वचन तो धर्मराजास आधींच देऊन चुकला होता. रथ उत्तम, घोडे उत्तम, हातहि उत्तम. उणें होतें तें केवळ हेतूंत. हांकणाराचें कौशल्य आणि त्याचें मन या दोन निराळ्या वस्तु आहेत, हें आपल्या पूर्वजांनीं फार पूर्वीं ओळखिलें होतें. यंत्ररथाच्या काळांत हाच धडा इंग्लंडसारख्या सुधारलेल्या राष्ट्राला नव्यानें शिकावा लागला, आणि त्याचें मोल सहस्रावधि प्राणांनीं द्यावें लागलें. त्या शिक्षणाचा इतिहास मननीय आहे.

इंग्लिश पार्लमेंटानें १८६५ सालीं रस्त्यावरील वाफेच्या गाड्यांसाठीं कायदा केला, त्यांत गाडीपुढें साठ यार्डांवर एका मनुष्यानें तांबडें निशाण घेऊन पायीं चालावें, असें कलम होतें. वेगाची मर्यादा गांवांत ताशीं २ मैल व गांवाबाहेर ४ मैल. निशाणाची सक्ति १८७८ मध्यें सैल झाली, तरी पुढें मनुष्य चालण्याचें बंधन १८९६ पर्यंत राहिलें. या कायद्याची पुष्कळ थट्टा झाली आहे. परंतु त्याच्या मुळाशीं असलेली कल्पना थट्टेवारी नेण्यासारखी नाहीं. येणाऱ्या गाडीची सूचना पादचाऱ्यास मिळालीच पाहिजे, आणि ती देण्याचा भार गाडीवाल्यावर आहे, अशी ती कल्पना होती. पुढें निशाणवाला गेला, १९०३ च्या कायद्यानें वेगाची मर्यादा २० मैलांवर नेली, आणि पांच शिलिंग भरले कीं परवाना मिळूं लागला. परीक्षा कसलीच नव्हती. निशाणवाल्याचें काम आतां गाडीवाल्याच्या मनानें करावयाचें होतें. त्या मनाची चौकशी मात्र कोणी केली नाहीं.

तें मन कसें होतें याची एक मौजेची साक्ष इतिहासांत आहे. वेगाची मर्यादा मोडणारांस पकडण्यासाठीं पोलीस कुंपणाआड घड्याळ घेऊन बसत. या सांपळ्यांची सूचना आपल्या सभासदांस मिळावी, याच प्रमुख उद्देशानें १९०५ मध्यें ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था निघाली. अशी सूचना देणें हा पोलिसांच्या कामांत अडथळा होय, असें १९१० च्या एका खटल्यांत ठरलें. तेव्हां संस्थेनें युक्ति काढली. तिच्या गस्तीवाल्यानें सभासदाच्या गाडीस सलाम करावा. ज्या वेळीं तो सलाम करणार नाहीं, त्या वेळीं पुढें सांपळा आहे असें सभासदानें समजावें! पाहणारास तो सलाम शिष्टाचाराचा नमुना वाटला असेल. प्रत्यक्षांत ती दंड चुकविण्याची खूण होती. सौजन्याचा आकार व सौजन्याचा हेतु यांची इतकी फारकत क्वचितच आढळेल.

मोटारी वाढल्या, आणि वेगाची मर्यादा पाळीनासें कोणी झालें. तेव्हां १९३० च्या कायद्यानें मोटारींवरील ती मर्यादाच काढून टाकली आणि सगळी भिस्त चालकाच्या विवेकावर ठेविली. रस्त्यावरील इतरांचा वाजवी विचार न करितां गाडी चालविणें हाहि अपराध ठरला. दुसऱ्याचा विचार ही आतां सज्जनाची मर्जी राहिली नाहीं. ती कायद्याची मागणी झाली. पुढच्याच वर्षीं 'हायवे कोड' ही एका पेनीची पुस्तिका निघाली, आणि सर्वांनीं एकमेकांशीं जपून व समजूतीनें वागावें, असा तिचा उपदेश होता. पण केवळ उपदेशानें स्वभाव पालटत नाहींत. १९३४ सालीं ग्रेट ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसें मेलीं, आणि त्यांतलीं जवळजवळ निम्मीं पायीं चालणारीं होतीं.

या आंकड्यानें सरकार हादरलें. मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागांत ताशीं ३० मैलांची मर्यादा आली व त्याच वर्षाच्या जूनपासून नव्या चालकांस परीक्षा सक्तीची झाली. हें सर्व आवश्यक होतें. तरी परीक्षेचीहि एक मर्यादा आहे. ती हात पाहते, डोळा पाहते, नियमांचें ज्ञान पाहते. परंतु परीक्षक शेजारीं बसला असतां उद्दामपणा कोण करील? मनुष्याचा हेतु परीक्षक उतरून गेल्यावर प्रकट होतो.

याच सुमारास लंडनच्या पोलीस खात्यानें हेंडन येथें चालकांची शाळा काढली. खात्याच्या स्वतःच्याच गाड्यांना फार अपघात होत होते. १९३७ च्या सुमारास तेथील शिक्षणास वळण देण्यासाठीं लॉर्ड कॉटनहॅम यांस पाचारण करण्यांत आलें. हे गृहस्थ मोटारींच्या शर्यतींत नांवाजलेले. ते वेग शिकवितील असें कोणासहि वाटावें; त्यांनीं शिकविली ती शिस्त. वळण, चौक, थांबलेली बस, कडेला खेळणारें मूल, असा कोणताहि धोका दिसला कीं चालकानें ठराविक क्रमानें वागावें. आधीं रस्त्यांतील आपली जागा निश्चित करावी, मागें पाहून इशारा द्यावा, मग वेग आवरावा, मग योग्य गिअर घालावा, जरूर तर भोंगा वाजवावा, आणि अगदीं शेवटीं वेग वाढवावा. शिवाय, जेवढा रस्ता मोकळा दिसतो तेवढ्यांत गाडी उभी करतां यावी. १९५५ मध्यें हें शास्त्र 'रोडक्राफ्ट' या पुस्तकाच्या रूपानें सामान्य वाचकांसहि उपलब्ध झालें.

या क्रमांत सौजन्याची स्वतंत्र पायरी नाहीं, हें कोणाच्याहि ध्यानांत येईल. पण विचारांतीं असें दिसतें कीं, या सर्व पायऱ्या मिळून चालकास एकच वस्तु मिळवून देतात, आणि ती म्हणजे अवधि. ज्याच्यापाशीं अवधि आहे त्यालाच दुसऱ्यास वाट देतां येते. भरधांव वेगानें चौकांत शिरलेला मनुष्य स्वभावानें कितीहि सज्जन असो, त्याच्या सज्जनपणास वावच उरत नाहीं. उलट, विवेकावांचून केलेलें सौजन्यहि घातक ठरतें. थांबलेल्या गाडीवाल्यानें वृद्ध बाईस हातानें 'या, या' म्हणून खुणावावें, आणि शेजारून दुसरी गाडी धांवत यावी, यांत त्याच्या भलेपणानेंच तिचा घात होतो. म्हणूनच पादचाऱ्यांस असें खुणावूं नये, असें 'हायवे कोड' आज स्पष्ट सांगतो. विवेक अवधि देतो. हेतु त्या अवधीचा विनियोग ठरवितो. आणि सौजन्य हें त्या दोहोंचें फळ होय.

१९३८ मध्यें लँकेशायर व आसपासच्या भागांत एक प्रयोग झाला. तेथील गस्तीच्या पोलिसांनीं चुकणाऱ्या चालकास लगेच कोर्टांत न खेंचतां, थांबवून, सभ्य शब्दांत त्याची चूक समजावून सांगावी असें ठरलें. लोक त्यांना 'सौजन्याचे पोलीस' म्हणूं लागले. दंडाची भीति पोलीस दिसे तोंवर टिकते. पटलेली गोष्ट मनुष्य बरोबर घेऊन जातो, हें त्या प्रयोगाचें मर्म होतें.

ब्रिटनमध्यें आज चार कोटींहून अधिक वाहनें आहेत, आणि वर्षाचे मृत्यु दोन हजारांच्या आंत आले आहेत. याचें श्रेय एकट्या सौजन्यास देणें अप्रामाणिकपणाचें होईल. सुरक्षित गाड्या, बरे रस्ते, कमरपट्टे, सुधारलेली वैद्यकी यांचाहि त्यांत मोठा वांटा आहे. तरी २०२२ मध्यें 'हायवे कोड' सुधारतांना जो अधिक इजा करूं शकतो त्याच्यावर अधिक जबाबदारी, हें तत्त्व आरंभींच घालण्यांत आलें. तांबड्या निशाणाच्या कायद्यांतील विचारच दीडशें वर्षांनीं शहाणा होऊन परत आला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आपल्या देशांतहि १९१४, १९३९ व १९८८ असे एकामागून एक मोटारींचे कायदे झाले. तरी २०२२ या एका वर्षांत भारतांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. हा आंकडा वाचून पुढील पान उलटणें कोणासहि सुखाचें वाटूं नये. आपल्या नियमांत घाटाच्या अरुंद रस्त्यासंबंधीं एक सुंदर कलम आहे: उतरणाऱ्या गाडीनें थांबून चढणाऱ्या गाडीस आधीं जाऊं द्यावें. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हां हलविणें किती अवघड, हें जो जाणतो त्यास या नियमाचें कारण निराळें सांगावें लागत नाहीं. दुसऱ्याची अडचण आपल्या बुद्धीनें ओळखणें आणि ती ओळखून आपला पाय आपण होऊन आवरणें, एवढेंच उत्तम सारथ्य. शल्याला घोडे कळत होते. रथांत मागें कोण बसला आहे याची मात्र त्यास पर्वा नव्हती.