जॅझ ध्वनिमुद्रणे, मुंबईतील

जॅझ या आफ्रिकी-अमेरिकी संगीतप्रकारात वादकाला ऐन वेळी सुचणाऱ्या स्वरविस्ताराला मध्यवर्ती स्थान असते. स्वरलेखनात तो पूर्णपणे उतरत नाही. म्हणून ध्वनिमुद्रण हेच या संगीताच्या इतिहासाचे प्रमुख साधन होय. पहिली जॅझ ध्वनिमुद्रिका १९१७ मध्ये अमेरिकेत निघाली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच वादन मावत असे.

मुंबईत १९३५ च्या सुमारास ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद आला. त्यांच्यामागून आलेले ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ यांच्या वाद्यवृंदाच्या काही ध्वनिमुद्रिका १९३६ मध्ये मुंबईतच निघाल्या. शिकागोत लुई आर्मस्ट्राँग यांच्यासमवेत वाजविलेले पियानोवादक टेडी वेदरफर्ड हेही येथे वाजवीत. पुढे ते कलकत्त्यास गेले व १९४५ मध्ये तेथेच निवर्तले. चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेल्या गोमंतकीय वादकांनी ही शैली लवकर आत्मसात केली. ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्धी पावलेले हळदोण्याचे ट्रंपेटवादक आंतोनिओ झावियेर वाझ (१९१६–६७) हे त्यांपैकी अग्रगण्य होत.

हॉटेलांतील रात्रीच्या मैफली बहुधा मुद्रित झाल्याच नाहीत. हे वादक उपजीविकेसाठी हिंदी चित्रपटसंगीताकडे वळले. पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र (१९१८–८२) यांच्या अलबेला (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात वाझ यांचा मोठा वाटा होता. रेडिओ व चित्रपटगृहे यांमार्फत हे सूर खानदेशातील एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावीही पोहोचले. तथापि तबकडीवर गायक व संगीतकार यांचीच नावे छापली जात. वादक अनामिक राहिले. मुंबईच्या जॅझचा फार मोठा भाग अशा रीतीने गीतांच्या दोन कडव्यांमधील वादनात विखुरला आहे.

जुन्या मुद्रणांच्या शोधाने प्रस्थापित इतिहास कसा बदलतो, हे अमेरिकेतील उदाहरणांवरून दिसते. थेलोनियस मंक व जॉन कोल्ट्रेन यांच्या १९५७ मधील मैफलीच्या फिती २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडल्या. कोल्ट्रेन यांचे १९६३ मधील अप्रकाशित वादन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवंगत कलावंतांच्या या ‘नव्या’ ध्वनिमुद्रिका त्यांच्या परिचित वादनाशेजारी ठेवून ऐकता येतात, कारण वादक व तारीख यांची निश्चिती होऊ शकली.

मुंबईत निरंजन झवेरी यांच्या प्रयत्नाने १९७८ मध्ये ‘जॅझ यात्रा’ महोत्सव सुरू झाला आणि देशी-परदेशी वादक एका मंचावर आले. नरेश फर्नांडिस यांच्या ताजमहाल फॉक्सट्रॉट या इंग्रजी ग्रंथाने पूर्वीच्या पिढीकडे पुन्हा लक्ष वेधले. लाखेच्या जुन्या तबकड्या ठिसूळ असतात व वृद्ध वादकांबरोबर त्यांच्या आठवणीही लोपतात. त्यामुळे तबकड्यांच्या जतनाइतकेच वादकांच्या नावांची नोंद करणे निकडीचे आहे. अन्यथा सापडलेले सूर ऐकू येतील, पण ते कोणाचे हे सांगता येणार नाही.