उशीर किती, की उशीर कुठे?

मागच्या महिन्यात आमच्या मामांना तीन वायरींचा पेसमेकर बसवायचा की नाही यावर घरात खल चालला होता. डॉक्टर ईसीजी बघून म्हणाले, "लेफ्ट बंडल ब्लॉक आहे, फायदा व्हायची शक्यता चांगली." एका पट्टीवरून हे कसं कळतं? म्हटलं शनिवार-रविवार आहे, शोधू या. (मी डॉक्टर नाही, कोड लिहितो!)

तर मंडळी, हृदयालाही वायरिंग असतं. १८९३ साली विल्हेल्म हिस यांनी वरचे आणि खालचे कप्पे जोडणारा तंतूंचा जुडगा दाखवला. १९०६ मध्ये जर्मनीत काम करणाऱ्या सुनाओ तावारा या जपानी डॉक्टरांनी डाव्या-उजव्या फांद्यांसकट सगळा मार्ग मांडला. डावी फांदी बंद पडली की संदेश उजवीकडून, स्नायूतून वाट काढत डावीकडे पोचतो. मधला पडदा आधी आकसतो, समोरची भिंत मागाहून. दम जातो, पण रक्त पुरेसं पुढे सरकत नाही.

१९९४ साली फ्रान्समध्ये सर्ज काझो आणि सहकाऱ्यांनी ५४ वर्षांच्या एका अत्यवस्थ रुग्णाच्या चारही कप्प्यांना पेसिंग दिलं. सहा आठवड्यांत सूज उतरून त्याचं वजन १७ किलोने घटलं! पुढे २००५ च्या 'केअर-एचएफ' चाचणीत, ८१३ रुग्णांत, मृत्यूही कमी झालेले दिसले.

पण साधारण एक तृतीयांश रुग्णांना फरकच पडत नव्हता. का? निवड व्हायची ती मुख्यतः ईसीजीतल्या क्यूआरएसच्या रुंदीवरून, म्हणजे उशीर 'किती' यावरून. आपणही एकूण रिस्पॉन्स टाइम बघून सर्व्हर वाढवतो आणि अडलेलं असतं भलतीकडेच, तसंच हे.

२००९ च्या 'मॅडिट-सीआरटी'मध्ये १८२० रुग्ण होते. २०११ मध्ये त्यांची ब्लॉकच्या प्रकारानुसार विभागणी केल्यावर चित्र उलगडलं: डाव्या फांदीच्या ब्लॉकवाल्यांना भरघोस फायदा, बाकीच्यांना नाही. उजवी फांदी बंद असेल तर डावी भिंत बऱ्याचदा वेळेवरच हलते. वेळेवर येणाऱ्याला लवकर उठवून काय मिळणार?

उलट नुकसान होऊ शकतं. २०१३ मध्ये 'एको-सीआरटी' चाचणी मध्येच थांबवली गेली. तिथे क्यूआरएस १३० मिलिसेकंदांपेक्षा कमी, पण सोनोग्राफीत भिंती मागेपुढे हलताना दिसत होत्या. उपकरण चालू ठेवलेल्या ४०४ जणांत ४५ मृत्यू, बंद ठेवलेल्या ४०५ जणांत २६.

आज सर्वात ठाम शिफारस आहे ती डावा ब्लॉक आणि १५० मिलिसेकंद किंवा जास्त रुंदी, या दोन्हींसाठी. मामांची रुंदी १६०. मंगळवारी ऑपरेशन आहे. तुमच्या घरी कुणाला हे सुचवलं असेल, तर "रुंदी किती?" बरोबर "ब्लॉक कुठला?" हेही जरूर विचारा.