कोळ्याची विद्या : गोदातीरापासून खोल समुद्रापर्यंत

गंगापूर तालुक्यात कायगाव टोक्यापाशी प्रवरा गोदावरीस येऊन मिळते. या संगमावर उभ्या राहणाऱ्या मनुष्याच्या मनात समुद्राचा विचार सहसा येत नाही. पश्चिमेचा समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. आणि गोदावरी ज्या पूर्वसमुद्रास मिळते तो तर त्याहूनही कितीतरी दूर. तिच्या एकंदर १४६५ किलोमीटरांच्या प्रवासापैकी फारच थोडी वाट येथवर सरलेली असते. तथापि या मुलखाचे भाग्य एके काळी समुद्रावर अवलंबून होते, आणि समुद्रावरील ते भाग्य कोळ्यांच्या हाती होते, असे सांगितले तर पुष्कळांस नवल वाटेल.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास ईजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने एक छोटेखानी ग्रंथ लिहिला. तो 'पेरिप्लस' या नावाने प्रसिद्ध आहे. कर्त्याचे नाव मात्र काळाच्या उदरात गडप झाले. त्यात गंगापूरच्या शेजारच्याच पैठणाचा उल्लेख आहे. बरुगझा म्हणजे भडोच. तेथून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणाहून पूर्वेस दहा दिवसांवर तगर म्हणजे आजचे तेर. पैठणाहून अकीकासारखे खडे आणि तेरहून नाना तऱ्हेचे कापड गाड्यांत घालून, जेथे धड रस्ते नाहीत अशा प्रदेशातून, भडोच बंदरी नेत, असे हा ग्रंथकार लिहितो. गोदातीरावरचा माल अशा रीतीने रोमच्या बाजारात जाई.

पण माल बंदरी पोहोचला म्हणजे काम संपले असे नव्हते. खरा धोका पुढेच होता. खंबायतचे आखात उथळ. ठिकठिकाणी वाळूचे दांडे. आणि भरतीचा वेग तर असा की, दुरून एखादे सैन्य आरोळ्या देत येत असावे तसा तिचा आवाज ऐकू येतो, असे वर्णन ग्रंथकाराने केले आहे. ओहोटीला जेथे जमीन उघडी पडे तेथे घटकाभरात गलबत तरंगू लागे, आणि अमावास्येच्या सुमारास नांगरलेली तारवेसुद्धा उलटून पडत. नर्मदेचे मुख सापडणे कठीण. सापडले तरी आत शिरणे त्याहून कठीण.

यावर भडोचच्या राजाने योजिलेला उपाय मोठा मार्मिक होता. त्याने या कामी स्थानिक कोळी नोकरीस ठेविले. हे राजसेवेतील कोळी भरपूर वल्हेकरी असलेल्या मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात. परदेशी तारू दिसले की त्यास ओढीत, वाट दाखवीत, भरतीबरोबर पुढे नेत आणि ओहोटी लागली की ठरलेल्या खोल डोहात नांगरून ठेवीत. रोमचे सोने घेऊन येणारा व्यापारी आपले प्राण व आपले धन अशा रीतीने एका मासे मारणाऱ्या मनुष्याच्या स्वाधीन करी. मासेमारी व मार्गदर्शन या दोन विद्या नसून एकाच विद्येची दोन अंगे होत, हा सिद्धान्त त्या राजाने ओळखला होता.

ही विद्या शिकण्याची सुरुवात जाळे फेकण्यापासून होत नाही. ती पाणी ओळखण्यापासून होते. कोकणच्या कोळीवाड्यातील मूल अक्षर गिरविण्यापूर्वी उधाण आणि भांग हे दोन शब्द शिकते. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास भरती मोठी चढते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास पाण्याची चढउतार थोडी, तो भांग. मुंबई–पालघरकडचे डोल जाळे तर सर्वस्वी या हिशेबावर चालते. ते प्रवाहाच्या तोंडावर समुद्रात बांधावयाचे, वाहत्या पाण्याने मासळी आपोआप आत लोटावयाची आणि पाणी स्थिर झाले की जाळे उपसावयाचे. त्या अल्प वेळात हात चालला नाही, तर प्रवाह उलटतो आणि श्रम वाया जातात. पंचांग हे कोळ्याच्या घरी केवळ मुहूर्तासाठी नसते. ते त्याचे वेळापत्रक असते.

दुसरा धडा वाऱ्याचा. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा आणि दुपारी समुद्राकडून येतो तो खारा वारा. पहाटे मतलईने बाहेर पडावे आणि खाऱ्या वाऱ्याने शीड भरून परत यावे, हा शिडाच्या होडीचा साधा नियम. पावसाळ्यात हा नियम मोडतो. म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून पुन्हा पाण्यात घालीत. या रूढीत श्रद्धा तर आहेच, पण शिस्तही आहे. पुढे सरकारने पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी यांत्रिक मासेमारीस बंदी घातली. तिच्यामागे मासळीच्या विणीचा विचार आहे आणि माणसाच्या जिवाचाही.

तिसरा धडा खोलीचा. दोरीला शिशाचा गोळा बांधून तळ मोजावयाचा आणि ती खोली वावात सांगावयाची. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारे अंतर. गोळ्याच्या खालच्या खळग्यात चरबी भरली म्हणजे तळाची वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा तिला चिकटून वर येतो. किती वावांवर कोणती माती लागते हे ज्याच्या ध्यानी आहे, त्यास दाट धुक्यातही किनारा किती दूर आहे हे उमगते.

चौथा धडा आकाशाचा. क्षितिजापासून ध्रुवतारा जितक्या अंशांवर दिसतो, तितकाच सुमारे त्या स्थळाचा अक्षांश असतो. अरबी समुद्रावरचे जुने नाखवे यासाठी 'कमाल' नावाची एक लाकडी पट्टी वापरीत. तिच्या मध्यातून गाठी मारलेला दोरा ओवलेला असे. दोऱ्याची गाठ दातांत धरून पट्टी समोर धरावयाची. तिची खालची कड क्षितिजाला आणि वरची कड ताऱ्याला लागली, म्हणजे त्या गाठीवरून आपण कोणत्या बंदराच्या रांगेत आलो ते कळे. गंगापूर आणि पालघर जिल्ह्यातील सातपाटी हे कोळ्यांचे प्रसिद्ध गाव, ही दोन्ही १९ अंश ४० कलांच्या आसपास एकाच रांगेत आहेत. गंगापूरच्या अंगणातून ध्रुव जितका उंच दिसतो, तितकाच सातपाटीच्या तांडेलास होडीतून दिसतो. येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पेरिप्लसच्या काळी हा तारा ध्रुवबिंदूपासून पुष्कळ दूर, सुमारे बारा अंशांवर होता. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे हळूहळू डोलतो, त्यामुळे असे होते. म्हणजे आकाशातील अढळपददेखील माणसास वेळोवेळी तपासून घ्यावे लागते.

एवढे चार धडे किनाऱ्याजवळच्या मासेमारीस पुरतात. परंतु तलवारमाशासारखे सावज धरावयाचे म्हणजे किनारा दृष्टीआड करावा लागतो. हा मासा उष्ण व समशीतोष्ण महासागरांतून हिंडतो. त्याचा वरचा जबडा लांब, चपटा आणि तलवारीसारखा वाढलेला असतो. मोठ्या माशास दात नसतात आणि खवलेही नसतात. त्याची लांबी चार मीटरांवर जाऊ शकते आणि वजन कित्येक शेर नव्हे, कित्येक मण भरते. दिवसा तो शेकडो मीटर खोल, थंड व काळोख्या पाण्यात उतरतो आणि रात्री भक्ष्यामागे वर येतो. डोळ्यांजवळच्या एका विशेष स्नायूच्या योगाने तो आपले डोळे व मेंदू ऊबदार ठेवतो. म्हणून त्या थंडीतही त्याची नजर मंदावत नाही.

या माशाच्या शिकारीचे फार जुने वर्णन इटली व सिसिली यांमधील सामुद्रधुनीचे आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पोलिबियस या इतिहासकाराने ते केले आणि स्ट्राबो या भूगोलकाराने जतन केले. उंचावर एक टेहळ्या बसे. खाली दोन वल्ह्यांच्या अनेक होड्या, प्रत्येकीत दोन माणसे. एक वल्हवी आणि दुसरा भाला घेऊन नाळेवर उभा राही. टेहळ्याने खूण केली की होडी माशाच्या अंगावर घालावयाची आणि भाला मारावयाचा. भाल्याचे पाते आकडेदार व सैल बसविलेले असे. दांडा हाती परत येई, पाते माशाच्या अंगात राही आणि त्यास बांधलेली लांब दोरी सोडीत जावयाची. मासा दमेपर्यंत ओढावयाचा नाही. घाई केली तर त्याची तलवार होडीचे लाकूड भेदून वल्हेकऱ्यास जखमी करी. बावीस शतकांपूर्वीच्या त्या कोळ्यांनी बळापेक्षा धीर श्रेष्ठ हे सूत्र प्राण पणाला लावून शिकून घेतले होते.

आधुनिक काळात या माशासाठी भाल्याची जागा लांब डोरीने घेतली. कित्येक किलोमीटर लांबीची एक मुख्य डोर, तिला तरंगते गोळे आणि ठरावीक अंतराने लोंबणारे गळ. संध्याकाळी ती सोडावयाची आणि पहाटे ओढावयाची. रात्रभर डोर व नौका दोन्ही प्रवाहाबरोबर वाहत असतात. संध्याकाळी नौका कोठे होती एवढे ठाऊक असून भागत नाही. पहाटे ती कोठे असेल हे ज्यास सांगता येते, तोच येथे तांडेल. शिवाय या रात्री मोठ्या आगबोटींची वाट आडवी येते, ती निराळीच.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर खोल समुद्राकडे जाण्याचा पद्धतशीर प्रयत्न विसाव्या शतकात झाला. १९२१–२२ साली मुंबई सरकारने 'विल्यम कॅरिक' या वाफेच्या नौकेकडून मुंबईबाहेरच्या समुद्राची पाहणी करविली. व्यवहाराच्या दृष्टीने तो उद्योग टिकला नाही. १९२७ साली मुंबई बंदरात 'डफरिन' ही शिक्षणनौका सुरू झाली आणि हिंदी तरुणांस व्यापारी जहाजांवर अधिकारी होण्याचे शास्त्रोक्त शिक्षण मिळू लागले. पण हे शिक्षण जहाजांसाठी होते, होडीसाठी नव्हते. १९४६ साली भारत सरकारने मुंबईस खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र उघडले. त्यातूनच पुढे फिशरी सर्व्हे ऑफ इंडिया ही संस्था वाढली. तिच्या नौकांनी लांब डोरी टाकून अरबी समुद्रातील कुपा व तलवारमासा यांची पाहणी केली. १९६१ साली मुंबईस मत्स्यशिक्षणाची मध्यवर्ती संस्था निघाली. १९७६ च्या कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर भारताचा हक्क प्रस्थापित झाला. होड्यांत इंजिने बसली. दोन दिवसांची वाट चार प्रहरांत कापता येऊ लागली.

इंजिनाने वेग दिला. शहाणपण दिले नाही. या फरकाची किंमत समुद्राने दोनदा तरी ठळकपणे वसूल केली आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' ही आगबोट बंदरापासून थोड्याच अंतरावर, काश्याच्या खडकाजवळ, ऐन पावसाळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. ती लोखंडी बोट गेली. पण त्याच समुद्रात कोळ्यांच्या लाकडी होड्या होत्या, आणि कित्येक बुडणाऱ्यांस त्यांनी उचलून घेतले. भडोचच्या आखातात परक्या तारवांस सामोरे जाणाऱ्या कोळ्यांचे हेच वंशज म्हणावयाचे.

दुसरा प्रसंग २०१७ सालच्या अखेरचा. 'ओखी' चक्रीवादळ कन्याकुमारीजवळ उठले तेव्हा केरळ व तामिळनाडूमधील अनेक नौका खोल समुद्रात आधीच गेल्या होत्या. किनाऱ्यावर दिलेली सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही. शेकडो कोळी मृत वा बेपत्ता झाले. वादळाच्या पुढे धावत सुटलेल्या कित्येक नौका थेट सिंधुदुर्गात देवगडच्या आश्रयास आल्या, आणि त्यांतील शेकडो माणसे वाचली. त्यानंतर, २०१९ साली, भ्रमणध्वनीच्या टप्प्यापलीकडेही उपग्रहाद्वारे वादळाची सूचना पोहोचविणारे 'जेमिनी' नावाचे उपकरण पुढे आले.

उपकरणे हवीतच, ती नकोत असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु घड्याळाची किल्ली संपावी तशी उपकरणाची शक्तीही संपते, आणि मग उधाण, मतलई, वाव व ध्रुव हेच चार जुने सोबती उरतात. ज्या घरात मुलगा बापाबरोबर होडीत बसत नाही, त्या घरी ही विद्या एका पिढीत नाहीशी होते. ती कोणत्याही ग्रंथात पूर्णपणे लिहिलेली नाही. पेरिप्लसच्या कर्त्यानेदेखील कोळी काय करीत एवढेच लिहिले, ते पाणी कसे ओळखीत हे लिहिले नाही. कारण ते त्यास ठाऊक नव्हते, आणि ज्यांस ठाऊक होते त्यांच्या हाती लेखणी नव्हती.

पैठणाजवळ गोदावरीवर बांधलेले जायकवाडीचे धरण १९७६ साली राष्ट्रास अर्पण झाले आणि नाथसागराचे पाणी गंगापूर तालुक्याच्या शिवारापर्यंत पसरले. जेथे पूर्वी नांगर फिरे तेथे होडी फिरू लागली. या पाण्यास भरती नाही, उधाण नाही. पण वारा आहे, लाट आहे आणि खोली आहे. सांजवेळी आकाशाचा रंग पाहून जाळे आवरणारा येथला भोई तलवारमासा कधी पाहणार नाही. तथापि भडोचच्या राजाने ज्या जाणतेपणास वेतन दिले, सिसिलीच्या टेहळ्याने ज्यावर दृष्टी रोखली आणि देवगडला आलेल्या तांडेलांनी ज्याच्या बळावर आपली माणसे वाचविली, त्याच जाणतेपणाची ही गोड्या पाण्यातील पहिली इयत्ता होय. मासा किती मोठा हा प्रश्न नंतरचा. परतीची वाट ठाऊक आहे काय, हा पहिला.