बोरघाटाची चालती नावे

खालापूर तालुक्यातल्या खोपोलीहून रस्त्याने आणि कर्जत तालुक्यातल्या पळसदरीहून रेल्वेने खंडाळ्याकडे चढणाऱ्या बोरघाटात बऱ्याच ठिकाणांना एकाहून अधिक नावे आहेत. एक नाव नकाशावरचे किंवा दप्तरातले, दुसरे ये-जा करणाऱ्यांनी पाडलेले. इंग्रजी दप्तरांत खोपोली ‘कॅम्पूली’ झाली, पळसदरीचे ‘पडसधुरी’सारखे काहीतरी झाले, आणि खुद्द घाटाला बोराऐवजी भोर जोडल्यामुळे भोर संस्थानाशी त्याचा उगाच घोळ झाला. ही रूपे कागदाबरोबरच जुनी झाली. चालती नावे मात्र टिकली.

त्यांतले सर्वांत ठळक नाव एका सुळक्याचे आहे. कोकणातून वर पाहताना कुरवंड्याजवळचा हा कडा फणा काढलेल्या नागासारखा दिसतो, म्हणून तो नागफणी. इंग्रजांना त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाक दिसले आणि त्यांनी त्याला ‘ड्यूक्स नोज’ म्हटले. वेलिंग्टनच्या बाकदार नाकाची चेष्टा त्याच्या सैनिकांतही चाले. ते त्याला ‘नोझी’ म्हणत. या माणसाचा बोरघाटाशी संबंध खरा आहे. 1804 मध्ये, तो अजून नुसता जनरल वेल्स्ली असताना, तोफा नेता याव्यात म्हणून त्याने हा घाट दुरुस्त करून घेतला. ड्यूक ही पदवी त्याला 1814 मध्ये मिळाली, तेव्हा सुळक्याचे इंग्रजी नाव त्याच्या आधीचे असू शकत नाही. आज गिर्यारोहकांच्या बोलण्यात दोन्ही नावे येतात. पायथ्याच्या गावांत नागफणीच.

चाकाच्या गाड्यांसाठी घाटाचा पक्का रस्ता कॅप्टन ह्यूजने बांधला. गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत 10 नोव्हेंबर 1830 रोजी तो खुला झाला. रेल्वे त्यानंतर आली. 1856 मध्ये कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत गाडी सुरू झाली आणि 1858 मध्ये खंडाळा ते पुणे. मधला चढ मात्र पाच वर्षे पालखी, तट्टू किंवा बैलगाडीनेच पार करावा लागे. जेम्स बर्कलेच्या आखणीप्रमाणे 1863 मध्ये घाटातला लोहमार्ग पुरा झाला: 25 बोगदे आणि सर्वांत तीव्र जागी 37 फुटांना 1 फूट चढ. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये भारतात येताच थोड्या दिवसांत वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले. तीस हजारांहून अधिक मजुरांचे हे काम तिच्या नावावर तडीस गेले, तरी घाटात ते नाव कोणाच्या तोंडी नाही.

तोंडी आहे ते शिंग्रोबाचे. खोपोलीहून वर जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर त्याचे देऊळ आहे आणि गाडी न थांबवता नाणे टाकून पुढे जाणारे ड्रायव्हर अजूनही दिसतात. आख्यायिका अशी की, साहेबांना घाटाची वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपली गुरे ज्या वाटेने चढत तीच त्यांना दाखवली. बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि साहेबाने त्याला गोळी घातली. कोणी ही गोष्ट रस्त्याच्या आखणीची म्हणून सांगतो, कोणी रेल्वेच्या. स्वातंत्र्याची मागणी तिला बहुधा मागाहून चिकटली असावी. पण सह्याद्रीतल्या वाटा मोजणीदारांच्या आधी गुराख्यांना आणि लमाणांना ठाऊक होत्या, हा तिचा गाभा पटण्यासारखा आहे.

रेल्वेची नावे कामातून पडली. खंडाळ्याच्या खालच्या अंगाला चढ एका दमात घेता येत नव्हता. गाडी एका आडव्या फाट्यावर जाऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट दिशेने वर निघे. ही जागा ‘रिव्हर्सिंग’. 1929 मध्ये नवी आखणी झाली, ते स्टेशन बंद पडले, तरी जुन्या माणसांच्या बोलण्यात नाव राहिले. कर्जतला गाडीच्या मागे जोडली जाणारी जादा इंजिने म्हणजे ‘बँकर’. पैशाच्या बँकेशी त्यांचा काही संबंध नाही. इंग्रजी रेल्वे बोलीत चढाला ‘बँक’ म्हणतात. बँकर लागेपर्यंत गाडी थांबते आणि तेवढ्यात कर्जतच्या फलाटावर वडापाव खपतो. 1 जून 1930 रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन, म्हणजेच दख्खनची राणी, पुण्याकडे जाताना इथे थांबते ती याच कामासाठी.

कर्जत तालुक्यात दुसरीही एक राणी आहे. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशातून नेरळ–माथेरान ही दोन फुटी रुळांची रेल्वे 1907 मध्ये सुरू झाली. तिच्या गाडीला ‘माथेरानची राणी’ म्हणतात. वाटेतल्या एकुलत्या बोगद्याला प्रवाशांनी ‘वन किस टनेल’ म्हटले, कारण त्याच्या अंधारात एका चुंबनापुरताच वेळ मिळतो. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 मध्ये चौकहून माथेरानवर चढला. त्यानंतर साहेबांनी तिथल्या पॉइंटांना ठेवलेली लुईसा, अलेक्झांडर अशी नावे पाट्यांवर आहेत. ‘चौक पॉइंट’ मात्र खाली दिसणाऱ्या, खालापूर तालुक्यातल्या चौक गावाचा.

या सगळ्यांत अलीकडचे आणि सर्वांत चमत्कारिक नाव अमृतांजन पुलाचे. घाटातल्या जुन्या रस्त्याचा हा दगडी कमानींचा पूल 1830 चा. त्यावर अमृतांजन बामची मोठी जाहिरात होती आणि लांबून येणाऱ्याला पुलाआधी तीच दिसे. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी 1893 मध्ये मुंबईत सुरू केलेले हे औषध तेव्हा घरोघरी होते, त्यामुळे खूण पटायला वेळ लागला नाही. घाटातल्या वळणांनी डोके धरलेल्या प्रवाशाला ती जाहिरात समयोचितही वाटली असेल. जाहिरात गेली, नाव गेले नाही. फुटबॉलच्या जगात आर्सेनलचे असेच झाले: वूलिचच्या तोफांच्या कारखान्यातल्या कामगारांचा हा संघ 1913 मध्ये उत्तर लंडनला गेला, तोफखाना दूर राहिला, तरी चाहते त्याला ‘गनर्स’च म्हणतात.

द्रुतगती मार्ग झाल्यावर पुलाचे खांब वाहतुकीच्या आड येऊ लागले. तिथे रस्ता अरुंद होऊन कोंडी होई आणि अपघातही होत. टाळेबंदीत मार्ग रिकामा असताना 5 एप्रिल 2020 रोजी नियंत्रित स्फोटाने पूल पाडण्यात आला. घाटात कोंडी झाली की बातम्यांत ठिकाण अजूनही ‘अमृतांजन पुलाजवळ’ असेच दिले जाते.