हेळव्याची वही

रब्बीची सुगी उरकून खळी रिकामी झाली की सांगली-साताऱ्याकडच्या गावांत हेळवी येतो. पूर्वी तो बैलावर बसून यायचा, हातात घंटा आणि पायांवर घोंगडी. आता बैल गेला, मोटारसायकल आली, पण काखेतलं बासन राहिलं. सोप्यात टाकलेल्या घोंगड्यावर बसून तो गाठ सोडतो, लांबट वही उलगडतो आणि घराण्याची कुळी वाचायला घेतो. आधी मूळपुरुष, मूळ गाव, देवक, कुलस्वामी, मग एकेक पिढी. थोरला गावात राहिला, त्याला लेक तीन. मधला दुष्काळात गाव सोडून गेला. धाकट्याला मूलबाळ नाही, दत्तक घेतला. सगळं एका सुरात, मध्ये न अडखळता. वाचून झालं की विचारतो, "मागल्या खेपेपासनं घरात कोण जन्मलं?" आणि तिथंच बसून नवी नावं चढवतो. मग जोंधळा, कापड, पैसे. ऐपतदार घर असेल तर एखादं जनावरही.

ही चाल आली कर्नाटकातून. बेळगाव, विजापूर, धारवाडकडं हेळव्यांची मोठी वस्ती. घरात कन्नड, यजमानाच्या दारात मराठी. आख्यायिका थेट बाराव्या शतकातल्या बसवण्णांपर्यंत नेते. चालता न येणाऱ्या एका पांगळ्याला बसवण्णांनी बैल आणि घंटा दिली, आणि घरोघरच्या कुळ्या सांगून पोट भर म्हणून सांगितलं. बैलावरची बैठक आणि झाकलेले पाय यांचा उलगडा या कथेतून होतो. इतिहास म्हणून ती कुणी मांडू नये, पण हेळवी स्वतःची कुळी कुठून मोजतात ते तिच्यातून नीट कळतं. लिंगायत घरांबरोबर मराठा, धनगर अशी यजमान घरं जोडली गेली आणि वही कृष्णा ओलांडून वर आली. जुन्या नोंदी ताडपत्रावर आणि तांब्याच्या पत्र्यावर होत्या असं हेळवी सांगतात; पुढं कागद आला. लिपी कुठं कन्नड, कुठं मोडी, आता बाळबोध.

इंग्रजी अमदानीत या लोकांची गणना भिक्षेकऱ्यांत झाली. मला ती सरळ चूक वाटते. पिढ्यान् पिढ्यांचं दप्तर बैलावर घालून उन्हातान्हात फिरवणारा माणूस भिकारी कसा?

वही विश्वासाची का, याचं कारण तिच्या व्यवहारात आहे. यजमान घरं ही हेळव्याची मिळकत. ती भावाभावांत वाटून घेतली जाते, बापाकडून लेकाकडं जाते. एखादी शाखा वहीतून सुटली तर तिथलं धान्य सुटलं. म्हणून कोण कुठल्या गावी जाऊन राहिला याचा माग तो काढत राहतो. 1876-77 च्या मोठ्या दुष्काळात माणदेशातून नि जतकडून माणसं जगायला बाहेर पडली. अशा पांगापांगीत घरानं विसरलेला चुलता वहीत सापडू शकतो, कारण त्याच्या वंशजांच्या दारीही हेळव्याला जायचं असतं.

दुसऱ्याच कारणानं ठेवलेली यादी पुढं घराण्याचा माग काढायला उपयोगी पडते, अशी गोष्ट विलायतेतही घडली. 1799 च्या कायद्यानं तिथल्या फ्रीमेसन मंडळाच्या लॉजना, म्हणजे शाखांना, सभासदांची यादी दरवर्षी सरकारी अधिकाऱ्याकडं देणं भाग पडलं. गुप्त मंडळ्यांचा सरकारला संशय होता. आज तिथली माणसं त्याच याद्यांत खापरपणजोबाचा धंदा आणि राहतं गाव शोधतात.  तिथं संशयानं यादी करवली, इथं पायलीभर जोंधळ्यानं.

सरकारी कागदाची अडचण वेगळी. जुन्या जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात, नाहीतर शाळेच्या जनरल रजिस्टरात. ती शोधताना जिल्ह्याच्या नावानं माणूस चकतो. पणजोबाच्या दाखल्यावर 'तालुका वाळवे, जिल्हा सातारा' असतं, कारण 1949 साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा निघाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. आटपाडी तर औंध संस्थानात होती. हेळव्याच्या वहीत हा घोळ नाही. तिथं गाव असतं आणि त्या गावातून फुटलेली शाखा असते. जात पडताळणीला वंशावळ लागते तेव्हा माणसं त्याला शोधत निघतात. वहीच्या एकट्या जोरावर दाखला निघेल असं धरून चालू नये. पण आज्याच्या बापाचं नाव आणि मूळ गाव कळलं की कोतवाल बूक कुठल्या तहसिलात मागायचं ते कळतं, आणि निम्मं काम तिथंच होतं.

खुद्द हेळवी महाराष्ट्रात भटक्या जमाती (ब) मध्ये येतात. त्यांना स्वतःच्या जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा जुळवावा लागतो. बाप पालात जन्मला, शाळेत गेला नाही, नावावर जमीन नाही. मग कागद आणायचा कुठून? शेकडो घरांच्या पिढ्या ज्याच्या काखेत, त्याच्या पोराची फी-सवलत एका कागदावाचून अडते. ही गोष्ट मला फार लागते. त्यात पोरं शिकून नोकरीला लागली की वही पुढं कोण फिरवणार हा प्रश्न आहेच, आणि त्यांनी फिरावंच असं म्हणण्याचा अधिकार यजमानांना नाही.

म्हणून हेळवी दारात आला की त्याचं गाव आणि फोन नंबर लिहून ठेवावा, त्याची परवानगी घेऊन आपल्या घराण्याच्या पानांचे फोटो काढावेत आणि या कामाचे पैसे वेगळे द्यावेत. आणखी एक. या वह्यांत लेक म्हणजे मुलगाच. पिढ्यांमागून पिढ्या मुलींच्या नावावाचून गेल्या. नवी नावं चढवायला तो पेन काढेल तेव्हा घरातल्या मुलींची नावं, त्या कुठल्या गावी दिल्या त्या गावांसकट, लिहायला सांगावं. त्या पानाचं जे काही होईल ते आपण द्यावं.