हात खिशातच ठेवा

शर्टाचं वरचं बटण काढा, नाहीतर गुदमराल. टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया गावची दुपार आहे. समुद्र फार लांब नाही, त्यामुळे हवा दमट आणि बनियन पाठीला चिकटलेलं. साल 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धातलं कुठलंही धरा. तुम्ही उभे आहात हायस्कूलच्या वर्कशॉपमध्ये. जळक्या ऑइलचा, पेट्रोलचा आणि पोरांच्या घामाचा वास एकत्र नाकात शिरतोय. कुणाच्या तरी हातून पाना सुटतो, खणकन आवाज होतो, सर खेकसतात.

मधोमध उभी आहे एक बुटकी, लांब नाकाची गाडी. बॉनेट उघडं. आत सहा कार्ब्युरेटर ओळीनं बसलेत आणि बारा सिलिंडर. एक पोरगा तुमच्या हातात चिंधी कोंबतो. पुसा बिनधास्त, कुणी ओरडणार नाही. ही फेरारी 250 जीटीओ. अशा सगळ्या मिळून फक्त 36 बनल्या. नवी असताना अमेरिकेत साधारण 18,000 डॉलरला मिळायची. शर्यतीतली जुनी गाडी म्हणजे कालचं वर्तमानपत्र, म्हणून मालकानं ही शाळेला देऊन टाकली.

आत बसून बघा ना. सीटला साधं कापड, आजूबाजूला उघडा पत्रा. स्पीडोमीटर शोधू नका, तो नाहीच. समोर आहे तो इंजिनाचे फेरे दाखवणारा मोठा काटा. ड्रायव्हरनं वेग बघत बसू नये, गिअर बदलावा, एवढाच त्याचा अर्थ.

1972 मध्ये शाळेनं ती 6,500 डॉलरला विकली. पुढची कित्येक वर्षं ती ओहायोत, शेतात, एका ट्रेलरवर उघड्यावर पडून होती. आलात तिकडे? मग कॉलर वर करा, बर्फ पडतोय. टपावरचा बर्फ हातानं झाडा, खालचा पत्रा बोटांना झोंबेल. रस्त्यानं जाणारा एकही माणूस थांबत नाही. इथे भाव ठरवायला कुणी नाही, म्हणून भावही नाही.

आता हात खिशात घाला आणि कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या लिलावाला चला. ऑगस्ट 2018, शनिवारची रात्र. बाहेर समुद्राचा गारठा, आत दिव्यांचा आणि माणसांचा उकाडा. अत्तर, वाइन, नव्या कोटांचा वास. मंचावर दुसरी जीटीओ आहे, त्या शाळेतलीची सख्खी बहीण. 1962 मध्ये इटलीतल्या डोंगरी शर्यतींमध्ये दहापैकी नऊ जिंकलेली. भिंतीशी फोन कानाला लावलेली माणसं हळू आवाजात कुजबुजताहेत. पलीकडे कोण आहे, तुम्हाला कळणार नाही. वर पडद्यावर डॉलरचा आकडा हलला की युरो, पौंड सगळे हलतात, आणि तुमच्या शेजारचा श्वास रोखतो. नाक खाजवायचं असेल तर आत्ता थांबा!

एक वार, दोन वार... हातोडा पडतो 4 कोटी 40 लाखांवर. टाळ्या. पण विकत घेणाऱ्याला मोजावे लागतात 4 कोटी 84 लाख 5 हजार डॉलर, वरचे लिलाववाल्यांचे. पेपरात हाच मोठा आकडा छापून येतो. दुसऱ्या दिवशी प्रत्येक दलाल, प्रत्येक विमावाला आणि उरलेल्या गाड्यांचे मालक त्याच आकड्यावरून हिशोब मांडायला बसतात. एका रात्री दोन हट्टी माणसं एका खोलीत भेटली, एवढंच झालंय खरं तर.

आणि भेटलीच नसती तर? राखीव किमतीपर्यंत बोली पोचली नाही की गाडी सगळ्यांदेखत परत जाते, आणि मग 'हिला गिऱ्हाईक मिळालं नाही' हा शिक्का पुसता पुसत नाही. शहाणे मालक म्हणूनच मंचावर चढत नाहीत. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो, तसं त्यांचं चालतं. दोन मालक, एक दलाल, बंद गॅरेज. तिथे टाळ्या नाहीत, पडदा नाही. मॉन्टेरेच्या त्या रात्रीआधी थोडेच महिने आणखी एक जीटीओ अशीच गुपचूप विकली गेली. बातम्यांत आकडा आला 7 कोटी डॉलर. तुम्ही त्या गॅरेजमध्ये नव्हता, मीही नव्हतो. तरी मॉन्टेरेत बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात तो आकडा होताच. मला तर वाटतं, त्या रात्री सगळ्यात जोरात बोली त्यानंच लावली.

तेव्हा पुढे कधी कुणी छातीठोकपणे जीटीओचा भाव सांगू लागला, तर लगेच मान डोलवू नका. आधी विचारा: लिलावातला की रुमालाखालचा? लिलावातला असेल, तर हातोड्याचा की दलालीसकट? आणि रुमालाखालचा असेल, तर तो सांगणाऱ्याकडे विकायला एखादी जीटीओ आहे का?