कुंभारीण
हायमेनॉप्टेरा गणातील, समूह न करता एकट्याने राहणाऱ्या आणि आपल्या अंड्यांसाठी मातीचे घर बांधणाऱ्या गांधीलमाश्यांस मराठीत हे नाव आहे. पोळे करून राहणाऱ्या गांधीलमाश्यांप्रमाणे येथे राणी नाही आणि कामकरीही नाहीत. जागेची निवड, मातीची वाहतूक, शिकार, साठवण आणि अखेरचा गिलावा हा सारा कारभार एकटी मादी पाहते.

भारतातील घरांतून नेहमी दिसणारी जात म्हणजे स्केलिफ्रॉन मद्रासपटानम. डबक्याच्या काठची ओली माती जबड्यांनी खरवडून मादी तिची गोळी करते, ती तुळईखाली, तसबिरीमागे अथवा चौकटीच्या कोपऱ्यात आणून टेकविते, आणि मोठ्याने गुणगुणत, अंगाच्या कंपनाने चिखल सैल करीत, त्याची कमानदार पट्टी ओढते. खेपेमागून खेप अशी पट्टी पट्टीला जोडली जाऊन लांबट खण तयार होतो. त्यात डंखाने लुळे केलेले कोळी भरले जातात. ते मेलेले नसल्याने नासत नाहीत, आणि बहुधा पहिल्याच कोळ्याच्या अंगावर घातलेल्या अंड्यातून निघणाऱ्या अळीस ताज्या अन्नाची रसद मिळते. खणाचे तोंड लिंपून शेजारी दुसरा, तिसरा खण उभारल्यावर सर्वांवर मिळून मातीचा जाड थर चढतो.

फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ झां आंरी फाब्र (1823–1915) याने अशा एका कुंभारणीचे कोळी अंड्यासकट वरचेवर काढून घेतले, तरी ती नवे कोळी आणीत राहिली आणि अखेरीस रिकामा खणच तिने बंद केला. दुसऱ्या वेळी त्याने घरटेच भिंतीवरून उचलले, तेव्हा तिने उघड्या भिंतीवर गिलावा चालू ठेवला. झालेल्या कामाची फेरतपासणी करण्याची तजवीज या शिरस्त्यात दिसत नाही. यास मूढत्व म्हणणे मात्र उचित नव्हे. भिंतीवरून घरटे उचलून नेणारा प्रयोगकर्ता तिच्या कुळाला आजवर कितीसा भेटला असेल?

युमेनिस ही कुंभारीण पोटात पाणी आणून कोरडी माती भिजविते आणि निमुळत्या गळ्याचे, काठ वळविलेले इवलेसे मडके घडविते. तिचा क्रम उलटा असतो: आधी छतापासून बारीक तंतूने अंडे टांगले जाते, मग सुरवंट भरले जातात. भृंगी कोंडलेल्या किड्यापुढे गुंजारव करते आणि ध्यासाने तो किडा भृंगीच होतो, या कीटभृंगन्यायामागे अशाच घरट्यांचे निरीक्षण असावे. आत गेलेला किडा आणि बाहेर पडलेली माशी, दोन्ही पाहणाऱ्यांनी खरेच पाहिले होते. मधल्या काळात एकाने दुसऱ्यास खाल्ले, एवढाच तपशील मातीआड राहिला.

मातीकाम न करणाऱ्या जातींपैकी अमोफिला वाळूत बीळ खणते, सुरवंट आत ठेवून ते बुजविते, आणि तिच्या काही माद्या जबड्यांत खडा धरून वरची माती ठोकून दाबतात. निळसर चॅलिबिऑन स्केलिफ्रॉनची जुनी घरटी वापरते; ती चिखलाऐवजी केवळ पाणी वाहून आणते आणि वाळलेली माती त्याने मऊ करून पुन्हा लिंपते.